युगाबाईंच्या हयातीचा दाखला

लिपोवात्स, ३ मार्च २००९

प्रिय युगाबाई,

गंधकाच्या कुंडातून बाहेर पडताना मी तुम्हाला जे विचारलं, त्यावर तुम्ही 'बघू' म्हणालात आणि टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेलात. चाळीस वर्षं मी शाळेत शिकवलं. 'बघू' म्हणजे निदान नापास नव्हे, एवढं मला कळतं. म्हणून काल आमच्या नोंदणी कचेरीत जाऊन विवाहनोंदणीचा अर्ज मागितला.

हे पत्र कुणा परक्याच्या हाती पडलं तर तो म्हणेल, म्हातारा चळला. देशाशी कुणी लग्न करतं का? पण देश मोडला तेव्हा बाई उरलीच ना? माझ्या वर्गाच्या भिंतीवर तुमचं चित्र होतं. कडेवर गव्हाची पेंढी, पाठीमागे सहा डोंगर. एका सकाळी शिपायाने ते उतरवलं. राहिला फक्त खिळा. नकाशे बदलले, पाटीवरची लिपी बदलली, पण चित्रातली बाई गेली कुठे, असं कुणीच विचारलं नाही. मला उत्तर मिळालं ते गेल्या ऑक्टोबरात. डोक्याला रबरी टोपी घालून, गुडघे चोळत, अकरा नंबरच्या कुंडापाशी ती रांगेत उभी होती. त्या आठ दिवसांत मी जितका बोललो, तितका बायको गेल्यापासून बोललो नव्हतो.

आता कामाचं. जंक्शनवरचं तुमचं रेल्वेचं घर येत्या ऑक्टोबरात पाडणार. नागरिकत्व नाही म्हणून कुठलाही वृद्धाश्रम तुम्हाला घेत नाही. माझ्याशी लग्न झालं की माझं आडनाव, माझं घर आणि पुढेमागे दगडावर नाव कोरायला जागा, सगळं आपोआप होईल. लागतील फक्त तीन कागद: जन्माचा दाखला, नागरिकत्वाचा दाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला. तिन्ही सहा महिन्यांच्या आतले हवेत.

खिडकीवर रसेमा होती. माझीच विद्यार्थिनी, शुद्धलेखन चांगलं, पाठांतर शून्य. म्हणाली, "जन्मस्थान?"

मी म्हटलं, "त्या स्वतःच."

"मास्तर, 'स्वतः' नावाचं गाव माझ्या यादीत नाही."

"मग यादीत घाल."

"यादी वरून येते. तुम्ही बसा, पाणी आणते."

पाणी आणलं, यादी नाही. पण मी खचलो नाही. पाठ्यपुस्तकातल्या त्या ओळी बसमध्ये गुणगुणत आलो:

नद्या जरी या वेगवेगळ्या, एकच त्यांचे पाणी;
एक उशाशी डोंगर घेउन निजती सारी गाणी.

तुमचा,
ओस्तोया मास्तर

*

जंक्शन, १९ मार्च

मास्तर,

'बघू' म्हणजे बघू. व्याकरण शिकवलंत ना?

आणि ती कविता कृपा करून आवरा. एकच पाणी म्हणे. पूर आला की प्रत्येक नदी आपापली येते आणि आपापल्या घरात शिरते. मी पाहिलंय.

लग्नाबद्दल मी नाही म्हटलेलं नाही. इथे राहून करायचं काय? दिवसाला एक मालगाडी जाते, तीही थांबत नाही. भिंतीला ओल. शेजारी मेंढ्या. घर पाडायला येतील तेव्हा मला आधी बाहेर काढतील की नाही, याचीही खात्री नाही, कारण घरात कुणी राहतं अशी नोंदच नाही.

कुंडापाशी तुम्ही मुलांचं विचारलं होतंत. सहा आहेत. सहा की सात, यावरून अजून भांडण चालू आहे, मी त्यात पडत नाही. उत्तरेकडची सगळ्यांत टापटीप, तिने दारातच सांगितलं, "आई, पाहुणे आलेत, मागच्या दाराने ये." किनाऱ्यावरचा म्हणतो, तू आमचं वाटोळं केलंस. मधलीच्या स्वयंपाकघरात तिघांची तीन कुलपं, तिथे माझी चूल कुठे मांडू? दक्षिणेकडची धाकटी तेवढी अजून माझं नाव लावते, 'माजी' असं जोडून. तेही प्रेमाने नव्हे. तिच्या स्वतःच्या नावावर शेजाऱ्याने हरकत घेतलीय म्हणून.

लोक भेटतात तेव्हा एक तर रडतात, नाहीतर थुंकतात. परवा टॅक्सीवाल्याने ओळखलं. अख्खा रस्ता तो सांगत होता की माझ्या राज्यात तो समुद्रावर तीन आठवडे सुटीला जायचा. उतरताना माझी पिशवी गाडीतच राहिली, ती द्यायचंही त्याला सुचलं नाही. पिशवीत चष्मा होता.

तुम्ही तसे नाही, असं मला कुंडापाशी वाटलं. गुडघ्याला कोबीची पानं बांधा म्हणालात. फार दिवसांनी कुणीतरी माझ्या गुडघ्याबद्दल बोललं.

कागदांसाठी सहाही ठिकाणी अर्ज टाकलेत.

युगा

*

लिपोवात्स, २७ एप्रिल

प्रिय युगाबाई,

बसलात का? मग वाचा. तुम्ही वारला आहात.

मी नाही म्हणत, कचेरी म्हणते. रसेमाने यंत्रात तुमचं नाव घातलं आणि पडदा खालपर्यंत वाचला. मग हळूच म्हणाली, "मास्तर, या बाईंची इस्टेट दोन हजार एक साली वाटली गेलीय. सोनं, वकिलाती, चित्रं, सगळं. पाच वारसांच्या सह्या आहेत."

"मुलं सहा आहेत."

"सहावा तेव्हा भावाच्याच घरात होता. ते असू दे. वाटणी झाली याचा अर्थ काय?"

"काय?"

"जिवंत माणसाच्या इस्टेटीला वारस नसतात, मास्तर. हे तुम्हीच शिकवलंत."

मी असलं काही शिकवलेलं नाही. मी म्हटलं, "मग मृत्यूचा दाखला दाखव." तर तोही नाही, कारण वारसांचं तारखेवर एकमत होत नाही. म्हणजे जिवंत म्हणून लग्न लावता येत नाही आणि मेलेल्या म्हणून कुणी पुरतही नाही. सतरा खेटे घातले. एका साहेबाने सुचवलं, बाईंनी हयातीचा दाखला आणावा. त्याला ओळखपत्र लागतं. ओळखपत्राला नागरिकत्व लागतं. नागरिकत्वासाठी हयातीचा दाखला. मी तिथेच टेबलावर मूठ आपटली. साहेबांनी मूठ उचलून तिच्याखालचा कागद काढून घेतला.

पण रसेमाच्या डोक्यात एक वाट आहे. तपशील लिहीत नाही, तुम्ही चिडाल. झालं की कळवीन.

इकडे तुमची खोली तयार होतेय. शाळेच्या तळघरात तुमचं जुनं चित्र सापडलं, ते पलंगासमोर लावलं आहे. जुना नकाशाही. कोपऱ्यात लाल डबड्याचा रेडिओ, दहा वर्षांपासून बंद आहे, पण शोभतो. तुम्ही आत पाऊल टाकलंत की तुम्हाला वाटेल काहीच मोडलेलं नाही. रोज संध्याकाळी मी त्या चित्रापाशी बसतो आणि दिवसभरातलं सांगतो. सवय व्हावी म्हणून.

तुमचा,
ओस्तोया

*

जंक्शन, ११ मे

मास्तर,

उत्तरं आली. एक म्हणते, आमची आई एक्याण्णवच्या जूनमध्ये वारली. दुसरा म्हणतो, ऑक्टोबरात. तिसरीच्या मते पुढच्या वसंतात. एकाने लिहिलंय की मी त्याच्याकडे दोन हजार तीनपर्यंत होते आणि कागद शोधून सांगतो. पाचव्याने सहा महिने थांबायला सांगितलं; तोवर आधीची चार उत्तरं शिळी होतील. धाकटीने फोन करून रडून घेतलं, कागद काही दिला नाही.

एका खिडकीवर मी स्वतः गेले. मुलगी चांगली होती. माझा अर्ज वाचून म्हणाली, "तुमच्या दुःखात सहभागी आहोत." मी म्हटलं, "आभारी आहे, मला पण फार वाईट वाटलं." तिला विनोद कळला नाही. मलाही आता कळेनासा झालाय.

खोलीबद्दल वाचलं. पलंगासमोर माझंच चित्र? सकाळी उठून मी त्या पोरीचं तोंड बघायचं? ती तिशीची होती मास्तर, दात सगळे होते, आणि ती पेंढी गव्हाची नव्हती, चित्रकाराने झाडूला रंग दिला होता. चालू रेडिओ मिळाला तर बघा. बातम्या ऐकायला आवडतात मला.

रसेमाची वाट कसली, ते लिहा. लपवू नका. माझ्याबद्दलचे निर्णय माझ्या मागे घेतले जाण्याची मला पुष्कळ सवय आहे, म्हणूनच सांगते.

तुमचं घर बसथांब्याच्या कुठल्या अंगाला आहे? सहज विचारते.

युगा

*

लिपोवात्स, २७ मे

प्रिय, प्रिय युगाबाई,

थांब्यावरून डावीकडे, अक्रोडाच्या झाडाखालचं फाटक. पण आधी हे ऐका. परवापासून माझं मन ठिकाणावर नाही.

आता सांगायला हरकत नाही. रसेमाचं म्हणणं असं: नोंदलेलं मरणच चुकीचं म्हणून रद्द करता येतं. आधी तुमच्या मृत्यूची नोंद करायची, मग ती रद्द करायची. त्या रद्द केल्याच्या आदेशावर गोल शिक्क्यानिशी लिहिलेलं असतं की सदर व्यक्ती जिवंत आहे. याहून पक्का हयातीचा दाखला नाही. मात्र मृत्यू नोंदवायचा तर गावात मरणपत्रकं लावायला हवीत आणि दोन साक्षीदार हवेत.

मी छापखान्यात गेलो. वाहिद म्हणाला, "कुठली छापू मास्तर? हिरवी, काळी की निळी?" हिरवी मुसलमानांची, क्रूस असलेली काळी ख्रिस्त्यांची, निळी देव न मानणाऱ्यांची.

"बाई कुठल्याच धर्माच्या नव्हत्या."

"मग निळी."

"पण सगळेच त्यांचे होते."

"मग तिन्ही छापतो. लोकांना वाटेल तीन बायका गेल्या."

तसंच झालं. झाडांवर, खांबांवर, बेकरीच्या दारावर तीन-तीन कागद शेजारी शेजारी, नाव एकच. दिवस मी पंचवीस मे ठेवला, तुम्हाला आवडेल म्हणून. त्या दिवशी पूर्वी आमची मुलं मैदानावर कवायत करायची. मला वाटलं, चार म्हातारे येतील, सही करतील, जातील.

युगाबाई, सारं गाव लोटलं हो. मरणाच्या घरी न्यायची म्हणून प्रत्येकाच्या हातात कॉफीची पुडी आणि साखर. टेबलावर साखरेचा डोंगर झाला. मुसलमानांकडच्या एकीने हलवा भाजून आणला, ख्रिस्त्यांकडच्या एकीने गहू उकडून त्यात अक्रोड घालून आणले, आणि दोघींची ताटं एकाच टेबलावर. सतरा वर्षं एकमेकांकडे न बघणारे दोन शेजारी माझ्या अंगणात एका बाकावर बसले. एक म्हणाला, "सरक जरा." दुसरा सरकला. मला हुंदका आवरेना.

मी चाळीस मिनिटं बोललो. सगळ्या कविता म्हटल्या, एकही ओळ चुकली नाही. पावसाची भुरभुर होती, तरी कुणी हललं नाही. शेवटी सगळे गायले. मी मनात म्हणत होतो, युगाबाई हे पाहायला इथे असत्या तर! इतकं सुंदर काही गेल्या वीस वर्षांत इथे घडलेलं नाही.

तुमचा, फक्त तुमचा,
ओस्तोया

*

लिपोवात्स, २० जून

युगाबाई,

उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना?

एक चूक झाली आहे आणि ती कबूल करतो. मरण रद्द करण्याचा अर्ज खुद्द मयताने आठ दिवसांच्या आत द्यायचा असतो. रसेमाने त्याचा कागद माझ्याकडे दिला होता. तो तुम्हाला पाठवायचा राहून गेला. त्या दिवसाच्या आनंदात तो साखरेच्या पुड्यांखाली गेला, काल साखर वाटून टाकताना सापडला. मुदत कधीच टळून गेली. कचेरीत गेलो तर रसेमा माझ्याकडे बघेना. "तुम्ही त्यांनाच विचारा," एवढंच म्हणाली.

मी तुमचं मरण नव्हे, लग्न नोंदवायला निघालो होतो, हे विसरू नका.

ओस्तोया

*

ग्राबोव्हो, ८ जुलै

मास्तर,

पत्ता बदललाय, बघून ठेवा. जंक्शनवरून सामान हलवताना तुमची दोन्ही पत्रं मिळाली.

मी आले होते. पंचवीस मेला, सकाळच्या बसने. न सांगता यायचं ठरवलं होतं. खोलीतलं ते चित्र उतरवून, भिंत रिकामी करून, मग तुम्हाला हो म्हणायचं, असा बेत होता. केस धुतले होते. जंक्शनवरच्या मेंढपाळाकडून चीज घेतलं होतं तुमच्यासाठी.

उतरल्या उतरल्या समोरच्या झाडावर माझं नाव. हिरवं, काळं, निळं. चष्मा नसल्याने तीनदा वाचावं लागलं.

तरी लोकांच्या मागून चालत आले. फाटक उघडंच होतं. एका बाईने माझ्या हातात कॉफी दिली आणि विचारलं, "तुम्ही त्यांच्या नात्यातल्या?" मी म्हटलं, "जवळची." ती म्हणाली, "काय बाई होती. आता तसं कुणी नाही व्हायचं." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिला थोपटलं. काय करणार?

मग तुम्ही माझ्याकडे आलात. नाकात पाणी, हातात कागद. माझ्याकडे बघून म्हणालात, "ताई, साखर डावीकडच्या टेबलावर ठेवा, आणि बसा, पावसात उभ्या राहू नका." मी म्हटलं, "मास्तर." तुम्ही म्हणालात, "हो हो, सगळ्यांनाच जड जातंय." आणि वळून कविता सुरू केलीत.

चाळीस नव्हे, बावन्न मिनिटं बोललात. मी चौथ्या रांगेत होते. छान बोललात. माझ्यावर इतकं प्रेम कुणी कधी केलं नव्हतं, आणि त्यातलं एक अक्षरही माझ्यासाठी नव्हतं. भिंतीवरच्या पोरीशी तुम्ही रोज बोलत होता ना? माझा चेहरा तिच्यासारखा नाही.

राग त्याचा नाही की तुम्ही मला मारलंत. राग याचा आहे की तुम्हाला ते इतकं आवडलं.

फाटकाशी एक मुलगी छत्री घेऊन उभी होती. तिने विचारलं, "आजी, भिजलात. कुठल्या तुम्ही? मुक्काम कुठे?" ती रसेमा. देश मोडला तेव्हा ती आठ वर्षांची होती, तिला माझं काहीच आठवत नाही. म्हणूनच तिला समोर उभी असलेली बाई दिसली असावी. तिच्या घरी गेले आणि मी कोण ते कबूल केलं. तिने खरं ते सांगितलं: आठ दिवसांत अर्ज दिला तर मी पुन्हा जिवंत. मग पुन्हा तुमची यादी, सहा कचेऱ्या, शिळे कागद. नाही दिला तर ती बाई कायमची गेली, आणि मरणाची तारीख एकदाची ठरली. "आणि मी?" मी विचारलं. ती म्हणाली, "युद्धात कागद जळालेल्यांची नोंद अजूनही होते, आजी. दोन साक्षीदार लागतात. एक माझी आई, एक वाहिद छापखानेवाला. नाव मात्र द्यावं लागेल."

आठ दिवस विचार केला. नवव्या दिवशी नाव दिलं. यास्ना. तिन्ही समाजांत चालतं, ऐकून कुणी कान टवकारत नाही. 'राष्ट्रीयत्व' या रकान्यात तीन नावं छापलेली होती आणि चौथं 'इतर'. मी चौथ्यावर खूण केली. रसेमाच्या घरी आई-मुलगी हसत होत्या, मीही हसले.

आता मी नागरिक आहे, कुणाची ते तुम्हाला काय करायचंय? इथल्या वृद्धाश्रमात मागच्या बाजूची खोली मिळाली. तिघी आहोत. एक घोरते, एक रात्रंदिवस मुलाला दोष देते. मला कुणी काही विचारत नाही. भिंतीवर कॅलेंडर आहे, चालू वर्षाचं.

जुन्या नावाने पत्र लिहू नका. पोस्टमन 'मयत' असं लिहून परत पाठवतो.

यास्ना

*

लिपोवात्स, १ सप्टेंबर

आठ आठवडे झाले. चार पाकिटं वाया गेली. पहिलं खरंच परत आलं, त्यावर तो शब्द आणि पोस्टाचा शिक्का. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पाकिटावर मी नवं नाव लिहायला घेतलं आणि हात जुन्यावरच गेला. चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं नाव आहे. मुलांना शुद्धलेखनासाठी दहा-दहा वेळा लिहायला लावत होतो. काल मीच वहीत पन्नास वेळा यास्ना लिहिलं. एकोणपन्नासावं चुकलं.

हे पाकीट कोरं आहे. रसेमा हाताने आणून देईल. तिच्याशी आधी भांडलो. म्हटलं, तू माझं लग्न मोडलंस. ती म्हणाली, "मास्तर, नवरी अंगणात उभी होती आणि तुम्ही तिला साखर ठेवायला सांगितलीत."

मी चित्र उतरवलं नाही. खोटं कशाला लिहू? उतरवायला खुर्चीवर चढलो आणि खाली आलो. ती गेली हे गावाला पटलं, तुम्हाला पटलं, वारसांनाही म्हणे तारीख पोचली आणि त्यांनी विनातक्रार मान्य केली. आयुष्यात पहिल्यांदा सहाही जणांचं एकमत झालं. मला एकट्याला पटत नाही. आणि तिच्यासाठी रडताना जी बाई माझ्यासमोर उभी होती, तिचा चेहरा मला आठवत नाही. रोज डोळे मिटून बघतो. ओला रेनकोट दिसतो, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी दिसतं. वर काही नाही. स्वतःवरच असा संताप येतो की ताट बाजूला सारून उठतो.

गुरुवारी अकराच्या बसने ग्राबोव्होला येतो आहे. एक विनंती. दारात उभ्या राहू नका, हाक मारू नका, हात करू नका. जेवणघरात बाकीच्या बायकांत बसून राहा. मी दारातून बघेन, मला शोधू द्या.

नाही ओळखलं, तर परतीची बस एक वाजता आहे.

ओस्तोया